झाकण उघडायची वेळ

समजा, तुमच्यासमोर शेगडीवर एक जाड बिडाचा तवा आहे. तव्यावर घट्ट झाकण आहे, आणि ते उघडायचं नाही असं तुम्हांला बजावलेलं आहे. आत बारा ग्योझे शिजताहेत. आता मला सांगा, ते झाले हे तुम्हांला कळणार कसं? घाई नाही, सावकाश विचार करा. तोवर मी ग्योझा म्हणजे काय ते सांगतो.

ग्योझा हा जपानी पदार्थ. मैद्याची तळहाताएवढी पातळ पारी लाटायची, मधोमध चमचाभर सारण ठेवायचं, पारी दुमडायची आणि कडेला चुण्या घालत मिटवायची. झाला अर्धा चंद्र, पोट पुढे काढून बसलेला. तो तेलावर बुडाकडून भाजायचा, मग त्याच तव्यात चिमूटभर पीठ कालवलेलं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पाणी आटत जातं, वाफेवर ग्योझा शिजतो, आणि तळाशी राहिलेल्या पिठाची कुरकुरीत जाळी होते. झाकण लवकर काढलं तर लगदा, उशिरा काढलं तर कोळसा. मधली वेळ जेमतेम अर्ध्या मिनिटाची.

मिरीच्या मामाला ती वेळ कानांनी कळायची.

मिरी नऊ वर्षांची. अंगाने एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून मिरी. तिचा मामा छापखान्यात मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री होता. तो तरुण असताना तिथे नवं यंत्र बसवायला जपानहून एक मिस्त्री आला आणि सहा महिने राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण भूक दोघांनाही सारखीच लागायची. पाहुण्याने सुट्टीच्या दिवशी मामाला ग्योझे शिकवले. मामाचा हात झाकणाकडे गेला की तो उलथण्याने बोटांवर टपली द्यायचा आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवायचा. बघू नकोस, ऐक. एवढाच धडा. जाताना त्याने आपला लाकडी मुठीचा तवा मामाला देऊन टाकला.

तेव्हापासून मामाच्या घरी दर रविवारी ग्योझे. मिरी आणि तिची आई दोन गल्ल्या ओलांडून जायच्या. आई त्याला नेहमी चिडवायची, की दादा, मी दहा हाका मारल्या तरी तू बहिरा, आणि तवा नुसता कुजबुजला की धावत सुटतोस. मामा म्हणायचा, तवा कामाचं बोलतो.

पण गेल्या दोन रविवारी ग्योझे जळले होते. पहिल्या खेपेला मामाने दोष गॅसला दिला, दुसऱ्या खेपेला पिठाला.

या रविवारी तिघांनी मिळून छत्तीस ग्योझे केले. कोबी बारीक चिरून, मीठ लावून, मिरीने दोन्ही मुठींनी पिळून काढला. त्यात कोंबडीचा खिमा, आलं, लसूण, कांद्याची पात. छत्तिसांतले अकरा मिरीचे. मामाचे ग्योझे रांगेत शहाण्यासारखे बसले होते. मिरीचे आत्ताच झोपेतून उठवल्यासारखे दिसत होते. मामाने त्यांतल्या एकाचीही चुणी सरळ केली नाही. पारी मिटली आहे ना, मग झालं, म्हणाला.

पहिले बारा तव्यात गेले. मिरी आणि आई बाहेरच्या खोलीत ताटल्या मांडत होत्या, तेवढ्यात वास आला. आई धावली. मागोमाग मिरी. झाकणाच्या कडेने काळसर धूर येत होता, आणि मामा शेगडीसमोर मान तिरकी करून उभा होता. तो अजून ऐकत होता.

आईच्या तोंडावर नेहमीचा टोमणा आला आणि तिथेच अडकला. तिने गॅस बंद केला, मामाच्या कोपराला हात लावला. तो दचकला.

मग त्याने काळे ग्योझे खरवडून काढले, तवा धुतला, पुसला. बराच वेळ पुसत होता. शेवटी आईला म्हणाला, “यंत्रांनी चाळीस वर्षं कान खाल्ले माझे. आता उरलं नाही काही. हा तवा तू घेऊन जा. उरलेले ग्योझे उकळत्या पाण्यात सोडू, त्यात जळायची भीती नाही.”

आईने सुचवून पाहिलं. काचेचं झाकण आणू. पण काचेवर वाफ धरते, आतलं काही दिसत नाही. मग घड्याळ लावू. मामा हसला आणि म्हणाला, कोबीत आज पाणी किती राहिलंय ते घड्याळाला काय ठाऊक? कानात घालायचं यंत्रही त्याने लावून पाहिलं होतं. त्यातून भांड्यांचा खणखणाट दुप्पट यायचा, तव्याची कुजबुज मात्र यायची नाही.

मिरीने हे सगळं ऐकलं. तवा आपल्या घरी आला तरी रविवार येणार नाही, हे तिला नीट कळलं. ती म्हणाली, “मी ऐकते. काय ऐकायचं ते तू सांग.”

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि गॅस पेटवला. दुसरे बारा तव्यात बसले, बुडं तांबूस झाली, पीठ कालवलेलं पाणी ओतलं, झाकण पडलं. मिरी स्टुलावर चढली आणि कान पुढे केला. आधी धो धो वाजेल, मामा सांगू लागला, मग जाडसर खदखद, मग बारीक, मग तवा एक श्वास रोखून धरेल. त्यानंतर चुरचुर. ती पहिली चुरचुर आली की झाकण काढायचं.

मिरीने डोळे मिटले. तिला पंखा ऐकू आला, नळाचा थेंब ऐकू आला, शेजारचा रेडिओ ऐकू आला.

“सगळं एकसारखंच वाजतंय, मामा,” ती रडवेली होऊन म्हणाली.

बघा कशी पंचाईत होती. ज्याला कळत होतं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि जिला ऐकू येत होतं तिला कळत नव्हतं.

वाफेने तवा किंचित सरकला. तो धरायला मिरीने लाकडी मूठ पकडली आणि तशीच राहिली. मूठ थरथरत होती. आत कुणीतरी धावत असावं तशी. मग ते धावणं जरा हळू झालं.

तिने मामाचा हात ओढला आणि मुठीवर ठेवला.

मामाच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू गेली. “मोठे बुडबुडे,” तो पुटपुटला. थोड्या वेळाने, “आता बारीक झाले.” आई पंखा बंद करायला गेली होती, ती बटणावर बोट ठेवून तशीच थांबली. मामाने डोळे मिटले. “थांबलं,” तो म्हणाला.

“मुंग्या,” मामा म्हणाला. “बोटांना मुंग्या. हीच ती.”

त्याने झाकण काढलं.

वाफ वर गेली आणि तिघांनी वाकून पाहिलं. पारी इतकी पारदर्शक झाली होती की आतली हिरवी पात दिसत होती. ग्योझ्यांच्या मधल्या जागेत पांढरं पाणी फुटत होतं आणि प्रत्येक फुटलेल्या बुडबुड्याच्या जागी एक भोक राहत होतं. भोकाशेजारी भोक, त्यांच्यामध्ये केसाएवढ्या भिंती. त्या भिंती त्यांच्या डोळ्यांदेखत पांढऱ्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या सोनेरी. कोणी विणत नव्हतं, कोणी आखत नव्हतं. मग कड आपण होऊन तव्यापासून सुटली आणि वर उचलली गेली. मामाने तव्यावर ताटली पालथी घातली, तवा उलटा केला, उचलला. बाराही ग्योझे एकाच जाळीखाली, गोल, अख्खे. मिरीचे तीन वेडेवाकडे ग्योझेही त्यातच होते, तितकेच सोनेरी.

“यंत्राच्या अंगावर हात ठेवला की आतलं दुखणं कळायचं मला,” मामा हळूच म्हणाला. “तव्यावर मात्र कधी ठेवला नाही. ऐक, एवढंच सांगितलं होतं ना त्याने.”

आईने डोळे पुसले आणि गार व्हायच्या आत खा म्हणून दटावलं. पहिला घास घेताना जाळी अशी मोडली की तो आवाज मामालासुद्धा आला.

अजून बारा ग्योझे उरले होते. मामा उठला, तव्यात तेल सोडलं, पुन्हा सगळं ओळीने केलं आणि झाकण ठेवलं. आता तो मुठीवर हात ठेवणार, तोच मिरी म्हणाली, “थांब.”

ती पळत गेली. औषधांच्या डब्यातून तिने कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत गच्च बसवले. मग ती स्टुलावर चढली, डोळे मिटले, आणि मुठीवर मामाच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.