मेहनत वाळवीची, नाव विजेचं

मित्रांनो, मी एक जुनं वारूळ आहे. चामोर्शीजवळच्या एका गावात हरिदासभाऊंच्या घरामागे धानाची बांधी आहे, तिच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी उभा असतो. उंची पुरुषभर. लोक मला मातीचा ढीग म्हणतात, याचा मला थोडा रागच येतो. ढीग काय, कोणीही टाकतं. मला लाखो वाळवींनी, गावच्या बोलीत उधईने, तोंडातल्या ओलाव्याने एकेक कण चिकटवून बांधलं आहे.

माझ्या पोटात त्यांची शेती चालते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. वाळवी वाळका पाला, काटक्या, पडलेली लाकडं कुरतडून आणते आणि त्या चोथ्यावर बुरशी पिकवते. तेच तिचं अन्न. भर पावसाळ्यात त्या बुरशीला माझ्या अंगावर पांढऱ्या छत्र्या फुटतात. आमच्याकडे त्यांना सात्या म्हणतात. सात्यांच्या भाजीपुढे मटण फिकं, असं खाणारे सांगतात. मी आपलं ऐकीव सांगतो.

माझ्याकडे पाहुण्यांची कमी नाही. उन्हाळ्यात अस्वल येतं, पंजाने माझी कूस फोडतं, पोटभर वाळवी खाऊन निघून जातं. वाळवी चार दिवसांत भोक बुजवते. पंखवाली वाळवी उडाली की कोतवाल पक्ष्यांची आणि बेडकांची पंगत बसते. एका जुन्या बिळात धामण राहते, ती बांधीतले उंदीर खाते. यातल्या कुणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एकच. सात्या पिकवतो आम्ही, आणि अख्खं गाव म्हणतं, वीज कडाडली की सात्या निघतात!

१९९८च्या पावसाळ्यात माझ्या जिवावर बेतलं. खोटं कशाला बोलू, चूक वाळवीचीच होती. तिने हरिदासभाऊंच्या दाराची चौकट आतून पोखरली. एका सकाळी त्यांनी कडी ओढली, तर कडीसकट लाकडाचा भुगा हातात आला. भाऊ तडक बादलीभर पाणी घेऊन माझ्यासमोर आले. मागून शेजारचे वारलूभाऊ औषधाची पुडी घेऊन आले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी आपल्या धुऱ्यावरच्या वारुळात हेच औषध ओतलं होतं. त्यानंतर त्या वारुळातून एकही वाळवी उडालेली मी पाहिली नाही. आता माझी पाळी होती. मी फार घाबरलो, पण पळायला पाय कुठले?

"हे घे भाऊ," वारलूभाऊ म्हणाले. "एकदा टाकलं का उधईचं नाव नाई. माह्या वारुळात दोन वर्षांपासून शुकशुकाट हाये."

हरिदासभाऊंची बायको मीराबाई मागच्या अंगणात टोपलीभर सात्या निवडत बसली होती. त्याच सकाळी तिने त्या माझ्या अंगावरून काढल्या होत्या. टोपली पाहून वारलूभाऊंचा चेहरा उतरला.

"तुमच्या इथी यंदाही निघाल्या? मले तर दोन वर्षं झाले, एक नाई दिसली. माह्याकडं वीजच बरोबर कडाडून नाई राह्यली."

मीराबाईने मान वर केली नाही. "वारलूभाऊ, तुमच्या अन् आमच्या धुऱ्यात बैलगाडी जाइन एवढं अंतर. पाणी तेच, वीज तेच. वीज काय धुरा पाहून कडाडते?"

वारलूभाऊ हसले, आणि हसता हसता थांबले. "दोन वर्षं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे औषध टाकलं तवापासून."

"मंग सात्या वीज देते का उधई, ते तुमीच सांगा."

"अन् मी दोन वर्षं विजेलेच शिव्या देऊन राह्यलो."

हरिदासभाऊंच्या हातात पुडी तशीच होती. "पण चौकटीचं काय?"

"चौकटीले जळकं ऑइल लावा," मीराबाई म्हणाली. "चामोर्शीत मन्सूरभाऊच्या गॅरेजात भेटते."

भाऊंनी पुडी न फोडता परत दिली. बादलीतलं पाणी त्यांनी वालाच्या वेलाला ओतलं. मित्रांनो, त्या वेळी मला किती हलकं वाटलं, ते कसं सांगू! वारलूभाऊ जायला निघाले, तेव्हा मीराबाईने त्यांच्या गमछ्यात ओंजळभर सात्या बांधून दिल्या.

याला आता सात वर्षं झाली. दर पावसाळ्यात माझी पंखवाली वाळवी उडत राहिली. बहुतेक कोतवालांच्या पोटात गेली, पण एक जोडी कधीतरी वारलूभाऊंच्या धुऱ्यावर उतरली असावी. यंदा तिथे नव्या वारुळाची हाताच्या पंजाएवढी ओली माती वर आली आहे. सात्या यायला अजून वेळ आहे. तरी वारलूभाऊ रोज वाकून पाहतात आणि बैलांना वळसा घालून नेतात.

मित्रांनो, तुमच्या दारची चौकट जरूर सांभाळा. पण कुणाला मुळासकट संपवायला निघालात, तर आधी त्याच्या आधाराने कोण कोण जगतं ते विचारा. तुमची टोपलीही त्यात असेल.

गावात काही जण अजूनही म्हणतात, वीज कडाडली की सात्या निघतात. म्हणू देत. आता वीज कडाडली की वारलूभाऊ आधी माझ्याकडे बघतात.