चिनी मुलीचे डोळे

रोह्याच्या ज्यू सॅमसन रोहेकरांच्या लेकीचं, रेचलचं, लग्न झालं, ते साल १९९२. जावई डॅनियल बोटीवर नोकरीला. त्याने हाँगकाँगच्या बाजारातून सासऱ्यांसाठी मला आणलं. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात एक चिनी चित्रपट आहे, सगळा हाताने रंगवलेल्या चित्रांचा. एक मुलगी नदीत बुडून मरते, मग बगळा होते, मासा होते आणि शेवटी नदीपलीकडच्या घरात पुन्हा मुलगी होऊन जन्मते.

सॅमसनशेट कॅसेटी भाड्याने देत. चिनी भाषा रोह्यात कोणाला येणार? तेच टीव्हीशेजारी उभे राहून गोष्ट सांगत, दर वेळी निराळी. एकदा तर त्यांनी बगळ्याला धरमतरच्या खाडीवर उतरवलं. मुलांनी माझे फार लाड केले.

पुढच्या वर्षी पेणला हैबतरावांची लेक पुतळी तापाने गेली. हैबतराव सॅमसनशेटचे दोस्त, गणपतीचे कारखानदार. मूर्तींचे डोळे त्यांची बायको गिरजाबाई आखायची. लेक गेल्यापासून तिने कुंचला धरला नव्हता. श्रावण लागला, फळ्यांवर मूर्ती डोळ्यांविना उभ्या. दुसरा आखणारा आणा, असं लोक म्हणत. हैबतराव ऐकत नव्हते.

मेलेली लेक परत येते, ही गोष्ट वहिनीला धीर देईल, असं सॅमसनशेटना वाटलं. एका दुपारी ते मला घेऊन एसटीने पेणला आले. कारखान्यातच हैबतरावांचा टीव्ही आणि व्हीसीआर मांडला. गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

चित्रपटात पुलावरची एक म्हातारी मेलेल्या मुलीला वाटी देते, तिथे सॅमसनशेट म्हणाले, "हा तापावरचा काढा. पिली की पोर बरी."

"ती बुडाली ना रे?" हैबतराव कुजबुजले. "ताप कुठला?"

"पाण्यात भिजल्यावर ताप येत नाय काय?"

"मेल्यावर?"

माती मळणाऱ्या बाया पदराआड हसल्या. गिरजाबाईने मान वळवली. "मागं घ्या, भावजी."

मला मागे फिरवलं. पुन्हा वाटी आली.

"काढा नाय तो," ती म्हणाली. "आधी डोळे आईला शोधतायत. पिल्यावर नाय शोधत. विसरायचं औषध हाय."

सॅमसनशेट गडबडले. "पण शेवटी ती आईला ओळखते, वयनी. मी सांगतो ना."

शेवट आला. मुलगी आधीच्या जन्मातल्या आईच्या समोरून उड्या मारत निघून गेली.

"नाय ओळखत." गिरजाबाई टीव्हीजवळ सरकली. "पण खुशीत हाय गो बाय माझी. कुणाची वाट बघत नाय."

मग तिने तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "काळा रंग कालवा. पातळ नको."

दिवे लागेपर्यंत पहिल्या फळीवरच्या सगळ्या मूर्ती बघू लागल्या होत्या.

सॅमसनशेटनी मला तिथेच ठेवलं. दर श्रावणात गिरजाबाई मला लावायची, हलक्या हाताने मागे फिरवून कोरड्या फडताळात उभी ठेवायची. पुढे घरात सीडी आली आणि मी माळ्यावर गेले. कोकणातली ओल माझ्या फितीवर बुरशी होऊन बसली आहे. मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण असेल, तर तिला खाली काढा, पुसा, उन्हापासून जपा. तिच्या पोटात काय आहे ते फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

गिरजाबाई १९९८ च्या माघात वारली. सॅमसनशेट पुढच्या वर्षी, इस्रायलला राहायला गेलेल्या लेकीच्या घरी वारले.