टोपीखालचा डोळा

पाच पावलांचं वर्तुळ. धक्क्याच्या फळ्यांवर दोरी टाकून आखलेलं. त्यात डेल्फीन आणि तिची धाकटी बहीण रोवेना सकाळपासून एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. दिवसभर वर्तुळात बसायचं, तिथून दिसतील ते पक्षी मोजायचे, दोरी ओलांडली की खेळ खलास! क्लिअर लेक या तळ्यावरच्या पक्षीमंडळाचा हा वार्षिक कार्यक्रम. डेल्फीनची जोडीदारीण ऐन वेळी आजारी पडली आणि मंडळाने पाठवलं कुणाला, तर रोवेनाला. कर्म माझं, असं डेल्फीन मनात निदान वीसदा म्हणाली.

भांडण तीन वर्षांचं होतं आणि एका ग्रीबवरून होतं. ग्रीब म्हणजे लांब मानेचा, काळ्यापांढऱ्या टापटीप पिसांचा पाणपक्षी. इथे त्याच्या दोन जाती. काळी टोपी डोळ्याखाली उतरली आणि चोच पिवळट-हिरवी असली तर वेस्टर्न. डोळा पांढऱ्यात उघडा आणि चोच नारिंगी असली तर क्लार्क्स. याच धक्क्यावरून डेल्फीन म्हणाली होती क्लार्क्स, रोवेना म्हणाली होती वेस्टर्न. नोंदवही रोवेनाच्या हातात. तिने ताईची नोंद खोडली आणि वर सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, डोळे तपासून घे."

तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला दोन घरं, दोन टर्की. डेल्फीनने डोळे तपासून घेतले नाहीत. तिला भीती वाटत होती. अलीकडे संध्याकाळी रस्ता अंधुक दिसायचा. आज पक्षी ओळखायला चुकले तर दुर्बीण कायमची पेटीत, असं तिने सकाळी कॉफी पितानाच ठरवलं होतं.

दुपारी लव्हाळ्यांपाशी पाणी हललं. दोघींनी तिपाईवरच्या आपापल्या दुर्बिणीला डोळा लावला.

"क्लार्क्स!" डेल्फीन ओरडली.

"वेस्टर्न!" रोवेना त्याच क्षणी.

"अगं, डोळा ढळढळीत पांढऱ्यात आहे!"

"टोपी डोळ्याखाली आहे, ताई! पुन्हा तेच सुरू केलंस?"

डेल्फीनने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. पांढराच. मग ती चिडून उठली आणि म्हणाली, "ये इकडे. माझ्या दुर्बिणीतून बघ."

"तुझ्या? मरून जाईन, पण नाही बघणार."

"मर, पण आधी बघून मर!"

रोवेना तोंड वाकडं करत वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. तोवर डेल्फीनने धाकटीच्या दुर्बिणीत डोकावलं. समोर काळी टोपी डोळ्याखाली ओढून बसलेला अस्सल वेस्टर्न.

"ताई," रोवेनाचा आवाज बारीक झाला. "हा खरंच क्लार्क्स आहे गं."

"आणि हा वेस्टर्न," डेल्फीन म्हणाली. "अगं बाई! दोन आहेत!"

तेवढ्यात दोघेही पक्षी लव्हाळ्यांतून बाहेर आले, समोरासमोर माना खाली घालून खरखरले आणि एकदम पाण्यावर उभे राहून धावत सुटले. शेजारी शेजारी, माना ताठ, पायांची नुसती फडफड. एक वेस्टर्न, एक क्लार्क्स, आणि चक्क जोडपं! त्या वेळीही असंच असणार. एकीने नवरा पाहिला, एकीने बायको, आणि दुसरीच्या दुर्बिणीत डोकावायला कुणी तयार नव्हतं.

डेल्फीनला हसू फुटलं. रोवेनाला तर उचकीच लागली. डेल्फीनने मान ताठ केली, कोपरं मागे घेतली आणि धक्क्यावर थपथप धावत सुटली. एकाहत्तराव्या वर्षी! तिच्या बरोबरीने, तशीच मान काढून, रोवेना. फळ्या थरथरल्या. पलीकडचा गळ टाकून बसलेला म्हातारा उठून उभाच राहिला.

"दोरी ओलांडली, ताई! दिवसभराची मोजणी गेली!" रोवेना धापा टाकत म्हणाली.

"जाऊ दे खड्ड्यात! माझे डोळे ठीक आहेत ना?"

"क्लार्क्स ओळखण्यापुरते झकास. तरी तपासून घे. मी येते बरोबर."

डेल्फीनचे डोळे भरून आले, मग तिला समोरचं काहीच नीट दिसेना. तिने चाचपडत धाकटीचा हात धरला आणि म्हणाली, "चल. पण गाडी तू चालव."