ठरलेल्या कुस्तीतलं इरलं

मी एक जुनं इरलं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात. मीही थोडा होईन. पण माझ्या पोटात राग आहे, आणि तो गिळून गोड बोलणं मला जमायचं नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी इरलं पाहिलंही नसेल. भातलावणीला बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. दोन्ही हात रोपांत गुंतलेले, छत्री धरणार कशानं? म्हणून डोक्यावरून पाठीवर, पार कमरेच्या खालपर्यंत इरलं घेतात. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पळसाची पानं, एवढाच आमचा देह. मला मुळशीतल्या रिहे गावच्या लीलाबाईंनी विणलं. कामट्या त्यांनी स्वतः तासल्या, पानं स्वतः खुडून आणली. तीन वर्षं मी त्यांच्या पाठीवर खाचरात राबलो. मग बाजारातून प्लास्टिकचे कागद आले आणि मी गोठ्यात आढ्याला टांगला गेलो.

तिथून मला खाली काढलं ते त्यांच्या मुलीनं, रेश्मानं. रेश्मा तालुक्यातली चांगली पैलवान होती. गुडघा दुखावला आणि मॅटवरची कुस्ती सुटली. मग ती सूसमधल्या एका व्यायामशाळेत शिकवायला जाऊ लागली. तिथं तिला मनीष भेटला. तो ठरलेल्या कुस्त्यांचे खेळ करायचा. कोण जिंकणार, कोण हरणार, हे या खेळांत आधीच ठरतं आणि प्रत्येक खेळाडूला एक सोंग घ्यावं लागतं. मनीषकडे एक दरोडेखोर होता, एक डॉक्टर होता, एक अंगाला राख फासणारा होता.

"तुझं काय?" मनीषनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा मला पाठीवर घेऊन गेली. सगळे हसले. मनीष हसला नाही. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हे चालेल. हे कुणाकडेच नाही."

मित्रांनो, कुस्ती ठरलेली असते, पण पडणं खरं असतं. फळ्यांवर पातळ गादी आणि तिच्यावर पाठ आपटायची. या खेळात समोरच्याचं अंग आपल्या हातात असतं आणि आपलं त्याच्या. तो विश्वास मोडला तर मान मोडते. हे रेश्मानं जांबे गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सहा महिने रोज पडून पडून शिकून घेतलं.

पहिल्या खेळाला ती माझ्याखाली वाकून आली आणि रिंगणाच्या मधोमध तशीच थांबली. लोकांना नुसतं इरलं दिसत होतं. दरोडेखोरानं मला लाथ घातली, पुन्हा घातली. कामट्या लवल्या, तुटल्या नाहीत. तिसऱ्या लाथेला रेश्मानं त्याचा पाय धरला, मला भिरकावलं आणि त्याला पाठीवर उचलून खाली घातलं. त्या डावाला तिनं नाव दिलं 'आवणी', म्हणजे भातलावणी. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पुढच्या खेळाला मी दिसताच हिंजवडीतल्या कंपन्यांमधली पोरं "इरलं, इरलं" असा ठेका धरू लागली.

चार वर्षं आम्ही हिंडलो. चाकण, नाशिक, सोलापूर. टेम्पोच्या टपावर मला दोरीनं बांधायचे. दर पावसाळ्याआधी लीलाबाई माझी पानं बदलायच्या आणि पुटपुटायच्या, "लाथा खायला का मी विणलंय ह्येला?" पण एकदा खेळ बघायला आल्या, आणि "इरलं, इरलं" ऐकून डोळ्यांना पदर लावून बसल्या. ते माझे सुखाचे दिवस.

मग रिह्याच्या खोऱ्यात फार्महाउस विकणाऱ्या काही मंडळींनी त्यांच्या समारंभासाठी मनीषला खेळ दिला. मनीषनं कल्पना काढली. रेश्मासमोर जुईली असेल, 'सोसायटीची राणी' म्हणून. जुईली ही अकोल्याहून नोकरीसाठी आलेली, मनीषकडेच शिकलेली मुलगी. तिनं मला पायाखाली फोडायचं. मग रेश्माला नवा रेनकोट घालायचा, आणि रेश्मानं हात जोडून तिचे आभार मानायचे.

रेश्मा म्हणाली, "हरायला माझी ना न्हाई, सर. हरणं आपलं कामच हाय. पण इरलं फोडायचं न्हाई."

"अगं, प्रॉप आहे तो. दुसरं करून घे."

"माझ्या आईनं केलंय ते."

"मग आईलाच सांग दुसरं करायला."

रेश्मा उठून चालू लागली. मनीष मागून आला. "बरं, राहिलं. नाही फोडत. तू फक्त हर." रेश्मानं विश्वास ठेवला. इतकंच नाही, त्याच्या सांगण्यावरून लीलाबाईंना घेऊन आली. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात हार घातला.

ठरल्याप्रमाणे रेश्मा पडली. मी बाजूला उपडा होतो. जुईली माझ्यापाशी आली आणि थबकली. रिंगणाच्या कडेला मनीष उभा होता. "कर, कर लवकर," तो दातांवर दात ठेवून म्हणाला. जुईलीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि बूट माझ्या कण्यावर मारला. एकदा. मग पुन्हा. मग उडी मारली.

कामट्या फुटताना काडकन आवाज होतो. लोक हसले. फोन वर झाले. निवेदकानं पुकारा केला, "गेलं जुनं, आलं नवं." लीलाबाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांना हातवारे करून कुणी खाली बसवत होतं.

रेश्मा उठली. तिनं जुईलीला उचलून खांद्यावर घेतलं. मी जमिनीवरून तिचं तोंड पाहत होतो, आणि मला भीती वाटली. तिथून खरं आपटलं असतं तर त्या मुलीची मान राहिली नसती. जुईलीलाही ते कळलं. ती नुसती डोळे मिटून लोंबकळत होती. रेश्मा क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं तिला पायांवर उभं केलं, सोडलं, आणि आईचा हात धरून निघून गेली. मी तिथंच राहिलो. कुणीतरी मला झाडूनं कडेला लोटलं.

चार दिवसांनी जुईली एका पोत्यात माझे तुकडे घालून रिह्याला आली. लीलाबाईंनी तिला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही.

"मला त्यांनी सांगितलं होतं, मावशी," ती म्हणाली.

"सांगितलं व्हय. पाय कुनाचा व्हता?"

"माझा."

"हात बांदलं व्हतं का तुजं कुनी?"

"नाही."

लीलाबाईंनी तिच्यासमोर कोयता आणि ओला बांबू टाकला. "बस. कामट्या काड."

जुईलीची बोटं कापली. संध्याकाळपर्यंत तिनं कशाबशा नऊ कामट्या काढल्या. त्यातल्या पाच लीलाबाईंनी फेकून दिल्या. चार त्यांनी मला पुन्हा विणताना घातल्या; त्या अजून माझ्या अंगात आहेत, वाकड्या. रेश्मा दिवसभर घराबाहेर आली नाही.

इकडे मनीषनं दुसरी मुलगी उभी केली. फायबरचं इरलं रंगवून घेतलं, आणि पोस्टरवर 'इरलं' हेच नाव, तोच 'आवणी' डाव. रेश्मा भांडखोर आहे, असं त्यानं बाकीच्या खेळवाल्यांना कळवलं. तिला कुणी बोलावेना.

सूसला मैदानावर मनीषचा खेळ लागला, तेव्हा रेश्मानं तिकीट काढलं. मला पाठीवर घेऊन ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. रिंगणात फायबरचं इरलं घेतलेली मुलगी आणि तिच्यासमोर, अजून मनीषकडेच खेळणारी जुईली. लोक एकदा तिकडं बघत, एकदा आमच्याकडं.

मनीष धावत आला. "रेश्मा, ते काढ. मागच्यांना दिसत नाही."

"तिकीट काडलंय मी."

मागून हळूहळू ठेका सुरू झाला, "इरलं, इरलं". मनीष हुशार. त्यानं चेहरा बदलला आणि माइक तिच्यापुढं धरला. "चल, आत ये. लोकांना वाटेल हे ठरलेलंच आहे."

रेश्मानं माइक घेतला, पण ती जागची हलली नाही. "हे ठरल्यालं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या आईनं इनल्यालं इरलं ह्या मानसानं आईच्या डोळ्यांम्होरं फोडायला लावलं. न्हाई फोडत म्हनून सांगून. आता नावबी घेतलंय."

आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोही खेळच वाटला. शिट्ट्या मारल्या. एवढं खरं बोलूनही ते सोंगच ठरावं, यापरता अपमान मी कधी पाहिला नाही.

तेवढ्यात जुईली रिंगणाच्या दोरांपाशी आली. तिच्याकडे माइक नव्हता. ती ओरडून म्हणाली, "ती खरं बोलतेय. फोडणारी मी आहे."

टाळ्या थांबल्या. फायबरवाल्या मुलीनं डोक्यावरचं उतरवून खाली ठेवलं. मनीष काय बोलला ते कुणी ऐकलं नाही. लोक उठून जाऊ लागले.

ते नाव पुढं पोस्टरवर दिसलं नाही. पण मनीषनं आजतागायत माफी मागितलेली नाही, त्याचे खेळ चालू आहेत. रेश्मा आता गावोगावच्या जत्रांमध्ये स्वतःच ठरवून खेळते, कधी जुईलीबरोबरही. जुईलीशी मात्र ती अजून कामापुरतंच बोलते. पुष्कळदा हरते, आणि मी शेजारी शाबूत पडलेला असतो.

मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मी पळसाची पानं आणि बांबू, कधीतरी कुजणारच. पण कुणाच्या हातची वस्तू तुमच्या पायाशी आली, तर पाय उचलण्याआधी तिच्या धन्याला विचारा. तुम्हाला कुणी "कर, कर लवकर" म्हणून सांगितलं, तरी विचारा. सांगणारा कडेला उभा असतो. पाय तुमचाच असतो.