काठाचा दोरा

नानांनी चिमट्यात धरलेला दोरा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेला. दोरा पेटला नाही. आधी आकसला, मग स्वतःभोवती वळला आणि काळपट धूर सोडत वितळला. त्यांनी तो खालच्या बशीतल्या पाण्यावर धरला, निवू दिला आणि टोकाशी तयार झालेला बारीक काळा मणी अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहिला. मणी फुटला नाही.

समोर खुर्चीच्या अगदी कडेला विहीणबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर घडी केलेली चादर, चादरीवर दोन्ही हात. पांढऱ्यावर निळे पट्टे होते; धुऊन धुऊन निळा आता आकाशी झाला होता.

परीक्षा करायचं नानांच्या मनात नव्हतं. सूनच म्हणाली होती, "नाना, दाखवा ना आईला, तुम्ही कापड कसं ओळखता ते." पोटातल्या बाळाच्या अंगाला धाग्याएवढंही प्लॅस्टिक लागू द्यायचं नाही, आणि जे धुतलं की पाण्यात उतरतं, फेकलं तर कुजत नाही, असं कापड घरातच आणायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. सासरेबुवांनी तिला साथ दिली. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर शिलाईचा नाद लागला, तेव्हा मुलानं डोक्याला हात लावला होता. सुनेनं मात्र जुन्या बाजारातून पायमशीन शोधून आणलं. नाना आधी पुस्तकं वाचून मग मशीनवर बसले. उलट्या क्रमानं काही करणं त्यांना जमलंच नसतं.

"काय आलं?" सुनेनं विचारलं.

नानांना चारचौघांत बोलायचा संकोच. पण चूक दिसली की त्यांच्यातला वेगळाच माणूस जागा व्हायचा. छापखान्यात मोठमोठ्या लेखकांसमोर तोंड न उघडणारे नाना समासात मात्र बेधडक खुणा करत.

"यात प्लॅस्टिक आहे," ते म्हणाले.

तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण त्यांनी मणी बशीच्या काठावर ठेवून विहीणबाईंपुढे सरकवला. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटांत चुरून जाते, हा मात्र कडक राहिला, हे समजावून सांगितलं. अशा कापडातून प्रत्येक धुण्यात किती बारीक तंतू सुटतात, तेही सांगितलं. बोलता बोलता त्यांना वाचलेलं एक अख्खं प्रकरण आठवलं आणि तेही त्यांनी सोडलं नाही.

विहीणबाई मण्याकडे बघत राहिल्या.

"मला तर सुतीच वाटत होतं हो," त्या म्हणाल्या. "हिच्याच लहानपणीची चादर. इतकी वर्षं वापरली, कधी शंका आली नाही. दुकानदारानं फसवलं असेल तेव्हा."

"आई, मी तुला फोनवर सांगितलं होतं ना," सून हळू आवाजात म्हणाली. "आधी विचारायचंस तरी."

विहीणबाईंनी मान डोलावली. कडा विरल्या होत्या म्हणून त्या कापून, नव्यानं दुमडून शिवून आणल्या, असं त्यांनी आल्या आल्या कौतुकानं सांगितलं होतं. आता त्यांनी ती चादर पुन्हा पिशवीत घातली. घालताना घडी मोडली, म्हणून बाहेर काढून नीट केली आणि पुन्हा घातली. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि निघाल्या. दारात त्यांनी नानांना म्हटलं, "बरं झालं तुम्ही बघितलंत. नाहीतर माझ्यामुळे बाळाला त्रास झाला असता."

ती खरी कृतज्ञता होती. नानांनी ती विनयानं स्वीकारली.

पुढच्या आठवड्यात सुनेनं मागवलेलं नवं कापड आलं. औषधं न फवारता पिकवलेला कापूस, रंग झाडांच्या सालींचे, आणि सगळं प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळलेलं. मुलगा त्या पिशव्या उचलून हसला. सुनेनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पिशव्या घेऊन निमूट बाहेर गेला. नानांनी कापडाच्या कडेचा धागा काढून जाळला. मऊ करडी राख पडली. घरात समाधान पसरलं.

नाना शिवायला बसले. झबली, टोपडी, लहान चौकोनी दुपटी. त्यांची टीप सुरुवातीला सापासारखी जायची; या कामात ती सरळ झाली. सून दुपारी त्यांच्याजवळ येऊन बसे, तयार झालेलं झबलं पोटावर धरून बघे. मैत्रिणींचे फोन आले की अभिमानानं सांगे, "आमच्याकडे सगळं नानांच्या हाताखालून जातं." नाना मशीनवर अधिकच वाकत. हे वाक्य त्यांना आवडत असे आणि ते आवडतं याची थोडी लाजही वाटत असे.

शेवटचं झबलं झालं त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. छापखान्यात पान छपाईला सोडण्याआधी ते एक अखेरची नजर टाकत. तीच सवय हाताला होती. त्यांनी झबल्याच्या काठाशी सुटलेला दोरा कात्रीनं कापला आणि आता आहेच हातात, तर बघू, म्हणून ज्योतीजवळ धरला.

दोरा आकसला, वळला, वितळला. टोकाला काळा मणी.

कापडवाल्यानं फसवलं, हा नानांचा पहिला विचार. रागानं कान तापले. त्यांनी उरलेल्या तुकड्याचा उभा धागा ओढून काढला आणि जाळला. राख. आडवा धागा काढला. पुन्हा राख. ते बराच वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मग त्यांची नजर मशीनच्या डोक्यावरच्या रिळाकडे गेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं रीळ. मजबूत, चकचकीत, कधी न तुटणारा दोरा. त्यांनी एवढी पुस्तकं वाचली, पण शिवायचा दोरा कशाचा असतो, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी रिळाचा वीतभर दोरा तोडला. जाळायची गरज नव्हती, तरी जाळला.

मग त्यांना तो दुसरा दोरा आठवला. विहीणबाईंच्या चादरीतला धागा निघत नव्हता. इतक्या वर्षांच्या धुण्यानं वीण एकजीव झाली होती. म्हणून त्यांनी काठाला लोंबणारं टोक ओढलं होतं. नव्यानं शिवून घेतलेल्या काठाचं.

नानांनी खिडकी उघडली. खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरून राहिला होता. सून येण्याआधी तो जायला हवा होता, आणि तो जावा म्हणून आपण वर्तमानपत्रानं वारा घालतो आहोत हे लक्षात आल्यावर ते थांबले.

संध्याकाळी त्यांनी काही सांगितलं नाही. सुनेची कंबर दुखत होती. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी होता. त्याच्यासमोर नको वाटलं. त्यानंतर सुनेच्या मैत्रिणी आल्या आणि तिनं सगळी झबली पलंगावर मांडली. नाना आतल्या खोलीत पुस्तक धरून बसले आणि एकाच पानावर राहिले. मग त्यांनी ठरवलं, की आधी चादर परत आणावी. पुन्हा तपासून पाहिली, तितकीशी वाईट नाही, असं काहीतरी विहीणबाईंना सांगता येईल. चादर आली, दुपटी झाली, की बाकीचं आपोआप मिटेल. वाक्यात चूक राहिली तर शेजारचा शब्द बदलून ती झाकता येते, हे त्यांना ठाऊक होतं. तसं करणाऱ्यांचा त्यांना नेहमी राग यायचा.

विहीणबाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. बसमधून उतरून चढ चढावा लागे, मग तीन जिने. नाना वर पोचले तेव्हा दम लागून बोलायची सोय नव्हती. दार विहीणबाईंनीच उघडलं. पदर खोचलेला, हातात ओलं फडकं.

"व्याही न सांगता आले म्हणजे भांडण तरी असणार नाहीतर भूक तरी," त्या म्हणाल्या. "आधी बसा. काय असेल ते नंतर."

नाना हसायला गेले आणि त्यांना फडकं दिसलं. पांढऱ्यावर आकाशी पट्टे. खिडकीच्या काचा अर्ध्या पुसून झाल्या होत्या. चौकटीवर तसेच आणखी तुकडे, व्यवस्थित चौकोनी कापलेले, एकावर एक रचलेले.

"चादर..." ते म्हणाले.

"हो, तीच. म्हटलं, बाळाला नाही तर नाही, टाकून तरी कशाला द्यायची? तुम्हीच म्हणालात ना, फेकली तर कुजणार नाही." त्यांनी फडकं पिळलं. "पण एक सांगते, प्लॅस्टिक असून पाणी काय सुरेख टिपते."

नाना बसले. बसमध्ये जुळवून ठेवलेलं वाक्य त्यांना आठवेना. ते गुडघ्यांकडे बघत बोलू लागले, आणि तपासलेली वाक्यं निघत नाहीत म्हटल्यावर कच्चीच बोलले. दोरा काठाचा होता. कापडाचा नव्हता. चादर सुतीच होती, पहिल्यापासून. दुकानदारानं फसवलं नव्हतं. त्यांना ते कळून बरेच दिवस झाले होते. शेवटचं वाक्य सांगायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

विहीणबाई फडकं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते उलटं करून बघितलं, जणू मागच्या बाजूला काही लिहिलं असावं.

"म्हणजे सुतीच," त्या म्हणाल्या.

"पूर्ण सुती. बाळासाठी याहून चांगलं कापड मिळालं नसतं. इतक्या वेळा धुतलेलं, मऊ झालेलं. आणि नवं काही विकतही घ्यायचं नाही." नाना उठले, चौकटीवरचे तुकडे उचलू लागले. "हे मी घेऊन जातो. जोडून दुपटं होईल. सुती दोरा शोधून आणतो."

"ठेवा ते."

त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी अशा बोलल्या. नानांनी तुकडे खाली ठेवले.

"तिला सांगितलंत?"

नानांनी नकारार्थी मान हलवली.

"घरी गेलो की सांगतो. आजच."

विहीणबाईंनी फडकं खिडकीत वाळत टाकलं, त्याची चारही टोकं ओढून सारखी केली. "तुमचा स्वभाव मला माहीत आहे हो," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "वाईट नाही. पण तुम्ही घरी जाल, ती पाणी आणून देईल, दमलात का विचारेल, आणि तुम्हाला वाटेल, उद्या सांगू."

नाना पुन्हा जागेवर जाऊन बसले.

"मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर तिला वाटेल, आई स्वतःचंच खरं करतेय. म्हणजे पुन्हा चूक माझीच."

त्यांनी फडताळावरचा फोन घेतला, बटण दाबलं आणि पलीकडे घंटी वाजू लागल्यावर तो नानांच्या हातात दिला. मग आत गेल्या. आतून नळ मोठा सोडल्याचा आवाज आला आणि भांड्याला भांडं लागू लागलं. भांडी फारशी नसावीत. पाणीच जास्त वाजत होतं.

नानांनी फोन कानाला लावला.

"आता काय गं आई?"

हा आवाज नानांनी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या घरात सून हळू बोलायची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाना म्हणायची. हा आवाज थकलेला होता, कडक होता, आणि बराच जुना वाटत होता.

"पटकन बोल, मी कामात आहे. आणि पुन्हा काही जुनंपुराणं पाठवायचं असेल तर आधीच सांगते, नको. त्या दिवशी नानांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काय वाटलं असेल, हिच्या माहेरी एवढंही कळत नाही. ते काही बोलणार नाहीत गं, ते भले आहेत. पण मला कळतं ना."

फोन कानाशी धरून नाना उठून उभे राहिले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"आई? ऐकतेयस ना?"

"मी बोलतोय," ते म्हणाले. "नाना. तुझ्या आईच्या घरून."

"नाना?" पलीकडचा आवाज एकदम हळू झाला.

आतला नळ बंद झाला.