दक्षिण ध्रुवाचा बर्फ

देवनहळ्ळीच्या मंडपात खुर्च्या दोनशे होत्या, उभी माणसं त्याहून जास्त. मंचावर थर्माकोलची पेटी एक. पेटीतून पांढरा धूर येत होता. खाली पाण्याचा थेंबही नव्हता.

हिमानंदस्वामींनी भर एप्रिलमध्ये अंटार्क्टिका मोहिमेचं जाड केशरी जॅकेट घातलं होतं, पाठीवर पेंग्विनचं चित्र.

"दक्षिण ध्रुवावर तप केलं. हा तिथला बर्फ. वितळत नाही, धूर होऊन देवाकडे जातो. भुताला सोसत नाही."

शेजारचे नंदकिशोरकाका निवृत्त इंजिनियर. त्यांनी आयुष्यभर अंटार्क्टिका मोहिमांची चित्रं जमवली. तसलं जॅकेट दिसलं की त्यांचे हात जुळतात. "तिथे उणे ऐंशी असतं, वल्लरी," ते मला म्हणाले. "थंडी मुरलेली असणार."

माझ्या मावसबहिणीला, कावेरीला, फिट येते; स्वामी म्हणाले, भूत आहे. त्यांच्या सांगण्यावरून तिच्या वडिलांनी, पिराजीअण्णांनी, गोळ्या बंद केल्या होत्या. चौघांनी तिला मंचावर आडवं दाबलं, उघड्या तळहातावर त्या बर्फाचा तुकडा रेटला. ती किंचाळली.

"भूत ओरडतंय. स्वल्प थांबा." स्वामींनी जळती पणती पेटीत सोडली. विझली. "भुताने ज्योत गिळली बघा."

"स्वामी, पोरगीला सोडा की," अण्णा पुटपुटले. कुणी सोडलं नाही.

मी वर चढले. एका चेल्याने कानशिलात मारली, ओठ फुटला. मी पेटी कलती केली. धूर सांडला तो स्वामींच्या फोटोपुढच्या निरांजनावर. तेही विझलं.

"फोटोलाही झपाटलंय का?" मी विचारलं.

मागे कुणी तरी हसलं.

"हा कोरडा बर्फ," मी म्हणाले. "गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. आइस्क्रीम नेणाऱ्या गाड्यांत असतो. वितळत नाही, सरळ वायू होतो. वायू जड, दिवा विझवतो. बर्फ हातावर दाबला तर कातडी जाळतो. काका, ध्रुवावरचा बर्फ पाण्याचाच. इथे आणला तर पाणीच होणार."

काकांनी पेटीखालच्या कोरड्या फळीवर हात फिरवला. "फसलो," ते म्हणाले.

चेल्याने माझ्यावर काठी उगारली. अण्णांनी त्याचा हात पिरगळला. हाड मोडलेलं पहिल्या रांगेत ऐकू आलं. स्वामी मागच्या कनातीतून पळाले, पण जमावाने त्यांना खाली पाडून तुडवलं. मी ओरडत होते, "मारू नका, पोलिसांना बोलवा." कुणी ऐकेना.

फिट हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो दुसऱ्या दिव्यावर स्वतः करून बघा.

रुग्णालयात कावेरीच्या तळहाताची मेलेली कातडी मोजली. लांबी सहा सेंटिमीटर, रुंदी चार.