नेव्हिनची न वाजणारी बंदूक

"हे काय मांडलंयस माझ्या टेबलावर?"

आर्लीनने पिठाचे हात तसेच वर धरून विचारले. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिचा नवरा नेव्हिन बंदुकीची दारू मापत बसला होता. शेजारी शिशाच्या चार गोळ्या होत्या आणि तेलात भिजवलेल्या चिंध्यांची चळत होती. ही काळी भुकटी सत्तावीस वर्षांत तिच्या स्वयंपाकघराची पायरी चढली नव्हती.

"म्हणजे नेम मोडणार?" तिने हळू आवाजात विचारले.

"ज्याच्यासाठी धरला, तोच मोड म्हणतोय. मी काय करू?"

"मर्लला ठाऊक तरी आहे का, काय मोडायला सांगतोय ते?"

"नाही."

"मग सांग ना एकदाचं."

"नाकात प्राणवायूची नळी घालून बसलेल्या माणसाला हे सांगू? कशाला? माझं ओझं हलकं व्हावं म्हणून?"

 आर्लीनने पाव कापला, त्यात डुकराच्या मांसाचा जाड काप घातला आणि पुडी त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली.

नेव्हिन फेटरॉल्फ विहिरींचे पंप दुरुस्त करी. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात असे घर नव्हते, ज्याच्या तळघरात तो गुडघ्यावर बसला नव्हता. नाताळानंतर ठासणीच्या बंदुकीने हरणे मारायचा हंगाम लागला, की गावातले निम्मे पुरुष डोंगरात जात. पण तेव्हाच थंडीने लोकांचे पंप गोठत, आणि नेव्हिनला जेमतेम एखादा दिवस मिळे. त्या एका दिवसाचे फळ गावाला पाठ होते. रविवारी चर्च सुटल्यावर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये न्याहारीला सगळे जमत. नेव्हिनचा जुना मित्र मर्ल हेट्रिक टेबलाच्या टोकाला बसून काटा आपटायचा.

"काय नेव्हिन, वाजली का?"

"नाही वाजली."

"फुस्स?"

"फुस्स."

मग हॉलभर हशा. "अरे, मेलेला पंप हा माणूस चालू करतो, आणि स्वतःची बंदूक याच्याच्यानं पेटत नाही!" हे मर्लचे दरवर्षीचे वाक्य. बाकीचे लोक आपापल्या फजित्या सांगत: कुणी दारू ठासायचा गज नळीतच विसरून बार काढला आणि गज भाल्यासारखा झाडात रुतला, कुणी गोळी ठासली पण आत दारूच घातली नव्हती. पण एकेका वर्षाची फजिती ती. दरवर्षी नेमाने फजित होणारा नेव्हिन एकटाच.

तो खोटे बोलत नसे. बंदूक वाजत नव्हती हे खरेच होते, कारण तो ती भरतच नव्हता.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळपासून बर्फाळ भुरभुर लागली होती. उताराच्या सपाटीवर मोठ्या शिंगांचा एक नर येऊन उभा राहिला, साठ पावलांवर. नेव्हिनने नेम धरला, चाप ओढला. घोडा पडला, गारगोटीने ठिणगी दिली, पण नळीशेजारच्या पेल्यातली रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर दारू, भिजून चिखल झाली होती. खट्. एवढेच. बार निघाला नाही तर नळी लगेच हलवायची नाही, आत ठिणगी धुमसत असते. नेव्हिनचे वडील सांगत, "प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण. आमेन झालं, की मग बंदूक खाली घे." म्हणून नळी तशीच रोखून तो प्रार्थना पुटपुटू लागला. तेवढ्यात नराने उडी घेतली. तो जिथे उभा होता, त्याच्या नेमक्या मागे, हेमलॉकच्या झाडाच्या बुंध्याशी वाकून मर्ल बुटाची नाडी बांधत होता. तपकिरी कोट, तपकिरी टोपी. त्याच्याबरोबरच शिकारीला आलेला तो थंडीने काकडून आपली जागा सोडून तिथे आला होता.

नेव्हिनने नळी आभाळाकडे केली आणि बर्फात बसकण मारली. 

"काय रे, फुस्स झाली?" मर्ल हसत हसत वर आला. "अरे, रडतोस काय? एका हरणासाठी? वेडा आहेस का?"

त्या दिवशी नेव्हिनने मनाशी नेम धरला. दर हंगामात एक दिवस रिकामी बंदूक घेऊन त्याच जागी बसायचे. हरीण आले, की घोडा एकदा पडू द्यायचा, प्रार्थना म्हणायची, आणि घरी यायचे. आर्लीनखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हते. हॉलमध्ये मर्ल टेबल बडवून हसू लागला, की नेव्हिन खाली मान घालून ऐकत राही. लोकांना वाटे, बिचारा लाजला. तो आभार मानत असे. हसणारा माणूस समोर जिवंत बसला आहे, आणखी काय हवे?

यंदा मात्र टेबलाचे टोक रिकामे होते. शरदात मर्लच्या हृदयाने दगा दिला. इस्पितळातून तो घरी आला तो अबोल होऊनच. नेव्हिन दर आठवड्याला जाई. मर्ल खिडकीतून डोंगराकडे बघत बसे. हं म्हणे, नाही म्हणे, बस्स. नाताळाच्या आदल्या दिवशी मात्र तो आपणहून बोलला.

"यंदा तरी वाजव रे. मला इथं खिडकीत ऐकू येईल. एकदा ऐकून जाऊ दे."

आणि आज हंगामाचा शेवटचा दिवस होता.

सपाटीवर पोचल्यावर नेव्हिनने बंदूक भरली. दारू ओतली, चिंधीत गोळी बसवली, गजाने ठासली. हात सराईत असल्यासारखे चालले, याचे त्यालाच नवल वाटले. पेल्यात रंजक टाकताना तो पुटपुटला, "देवा, आजवर हा दिवस तुझा होता. आजचा मर्लला दे. रागावू नकोस."

दुपार कलताना एक हरिणी झुडपांतून बाहेर आली. चाळीस पावले. नेव्हिनने आधी तिच्या मागे पाहिले. मागे मातीची उभी दरड होती, पाला नाही, झाड नाही, माणूस नाही. त्याने पुन्हा एकदा पाहिले. मग श्वास सोडून चाप ओढला.

रंजक भस्सकन पेटली. डोळ्यांपुढे पांढरा लोळ उठला. आणि पुढे काही नाही.

नेव्हिनने नळी हलवली नाही. ओठ आपोआप हलू लागले. हरिणी पळाली नाही. कान उभारून ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू शेजारच्या बाकावर बसून प्रार्थना ऐकते आहे. आमेन झाले. तिने शेपटीचे पांढरे निशाण एकदा हलवले आणि चालत चालत, घाई न करता, निघून गेली.

नेव्हिनने बंदूक खाली घेतली. पेल्यातून नळीत आग पोचवणारे बारीक भोक असते, बंदुकीचा कान. त्याने तार काढून तिथे टोचली, तर काळे, चिकट तेल निघाले. सत्तावीस वर्षे तो नळी पुसत होता, लाकूड घासत होता, आणि कान साफ करायचा राहून गेला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या पंपांची बुजलेली भोके मोकळी करणारा तो! त्याला हसू फुटले. हसता हसता डोळे भरून आले. देवाने आपला दिवस सोडला नव्हता.

पण मर्लचे काय? खाली त्याच्या घराचे धुराडे दिसत होते. नेव्हिनने कान स्वच्छ केला, नवी रंजक टाकली, दरड पुन्हा एकवार डोळ्यांखालून घातली, आणि बार काढला. आवाज डोंगरावर आपटला, खोऱ्यात उतरला, पलीकडच्या कड्यावरून परत आला.

दार मर्लच्या मुलीने, डोनाने उघडले. ती घरातही अंगावर कोट घालून वावरत होती.

"या काका. तुम्हीच सांगा आता यांना. सकाळपासून खिडकी उघडी टाकायला लावलीय. असल्या थंडीत!"

मर्ल दोन घोंगड्या पांघरून खिडकीशी बसला होता. त्याचे नाक लाल झाले होते.

"वाजली," तो म्हणाला.

"वाजली."

"ऐकली मी. पडलं?"

नेव्हिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाही. आधी फुस्स झाली. कान बुजला होता. हरिणी गेली चालत. मग तुला ऐकू यावं म्हणून मातीत मारली."

मर्ल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले.

"कान बुजला होता? तुझ्या बंदुकीचा? अरे लेका, सगळ्या खोऱ्याची भोकं साफ करत हिंडतोस... आणि मातीत! सत्तावीस वर्षांनी वाजली, तीही मातीत!"

तो हसला. खोकला, पुन्हा हसला. डोना धावत आली, तिला त्याने हातानेच परत पाठवले.

"तुला सांगतो नेव्हिन," डोळे पुसत तो म्हणाला, "तुझ्या नळीसमोर उभं राहण्याइतकी सुखरूप जागा या डोंगरात दुसरी नाही. जो उभा राहील तो म्हातारा होऊन मरेल. हरणांनी तरी देवाचे आभार मानावेत."

"मानतो," नेव्हिन म्हणाला. "म्हणजे, मानत असतील."

"रविवारी मला हॉलमध्ये ने. हे मीच सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

डोनाने खिडकी लावून घेतली. मर्ल काचेशी तोंड नेऊन डोंगराकडे बघत अजून मधूनच हसत होता. त्याच्या श्वासाची वाफ काचेवर धरे, विरे, पुन्हा धरे. नेव्हिन खिशातल्या पावाची पुडी सोडायची विसरून ते बघत बसला.